दुसरा ओरखडा

३ डिसेंबर

चि. ताईस,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, तिकडचेही तसेच असेल असे धरून चालतो.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. मी एरवी फोनवाला माणूस. पण विषय तांत्रिक आहे आणि फोनवर मुद्दा सोडून भलतीकडे जायची तुला सवय आहे, म्हणून लिहून विचारतो.

बाबांचं रेकॉर्ड प्लेअर मी यंदा संपूर्ण दुरुस्त करून घेतलं. नवा पट्टा, नवी सुई. दर रविवारी दुपारी चार माणसं ऐकायला येतात. पण थंडी पडल्यापासून एक भलतंच दुखणं मागे लागलंय. तबकडी पाकिटातून काढली की चरचरते, हातावरचे केस उभे राहतात आणि खोलीतली सगळी धूळ तिच्यावर झेप घेते. मग गाणं कमी आणि तडतड जास्त. आमचे दातांचे डॉक्टर परवा म्हणाले की गाणारीच्या मागे बसून कोणीतरी कागद फाडतंय. चार लोकांत शोभा झाली. ही साचलेली वीज आहे एवढं मला कळतं. तुमच्या सूतगिरणीत धाग्याला हाच त्रास असतो असं तू एकदा सांगितलं होतंस. तर उपाय कळव, सविस्तर.

घाई अशासाठी की जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बाबांना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी सगळ्यांसमोर आईची तबकडी लावायचा विचार आहे. दुसऱ्या कडव्यात तो जुना ओरखडा येतो आणि टक टक होतं, तिथे मी पाहुण्यांना सांगतो की ही आमच्या ताईची सही. सगळे हसतात. राग मानू नकोस, गंमत असते.

वाढदिवसाला तू येशीलच. तुझं स्टूल उंबऱ्याशी ठेवलेलंच आहे.

उत्तर लवकर धाडावे, लोभ आहेच.

तुझा,
दादा


८ डिसेंबर

चि. चिंगीस,

अ. उ. आ. आशीर्वाद नेहमीचे आहेत, राग आजचा आहे आणि तो तुझ्यावर नाही.

दादाचं पत्र सोबत जोडलंय. वाचून परत पाठव. वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिंगे, माझ्या सहीवर लोक हसतात म्हणे.

तुला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांत माहीत आहे, आज सलग सांगते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू दोन वर्षांची, मी अकराची, दादा चौदाचा. मी शाळेतून आले तर आईची तबकडी मशीनवर फिरत होती, सुई बाजूला लोंबकळत होती आणि तबकडीवर ताजा पांढरा ओरखडा. घरात कोणी नाही. मी घाबरून तबकडी उचलली, पाकिटात घालायला गेले आणि तेवढ्यात बाबा दारात. तबकडी माझ्या हातात. दादा नंतर बॅट घेऊन आला आणि म्हणाला की तो दुपारपासून मैदानावर होता. बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, चार दिवसांत विसरले असते. त्यांनी उंबऱ्याशी एक स्टूल ठेवलं आणि सांगितलं की यापुढे रेकॉर्ड लागली की तू इथे बसायचं, दोन्ही हात मांडीवर.

मी बसत आले. लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले, तरी त्या घरात गाणं सुरू झालं की माझे पाय आपोआप त्या स्टुलाकडे वळतात. गेल्या उन्हाळ्यात मी नुसतं एक पाकीट उचलून चित्र पाहत होते तर बाबा खाकरले. पन्नाशीच्या बाईने ते पाकीट पटकन खाली ठेवलं.

ओरखडा दादाने पाडला हे मला कधी कळलं ते कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते. गिरणीत लागले त्या पहिल्या हिवाळ्यात मी स्वेटर घालून सूत कातायच्या साच्याच्या लोखंडाला बोट लावलं. ठिणगी उडाली, हाताने आपसूक झटका घेतला आणि कोपराने सुताने भरलेल्या कांड्या खाली पाडल्या. मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी दादाने नवा लोकरी स्वेटर घातला होता. मैदानावरून आलेला मुलगा घामेजलेला असतो. हा कोरडा ठणठणीत होता आणि स्वेटरच्या पाठीला सतरंजीचे धागे चिकटलेले होते. म्हणजे हा घरात लोळत गाणं ऐकत होता, सुई उचलायला गेला आणि चटका बसला. अपघातच होता गं. खरं बोलला असता तर बाबा दोन दिवस घुमे राहिले असते आणि विषय मिटला असता. पण अपघात झाल्यावर खोटं मात्र तो विचार करून बोलला आणि अजून त्यावर विनोद करतो.

आता त्याला माझ्याकडून इलाज हवाय. इलाज मला तोंडपाठ आहे. खोलीत जरा ओल ठेवायची, नायलॉन आणि लोकर लांब ठेवायची, तबकडी ओलसर मऊ कापडाने टिपायची आणि मशीनला हात लावण्याआधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात टेकून अंगातली वीज उतरवायची. आमच्या विभागाच्या दारात त्यासाठी पितळी दांडी आहे, तिला हात लावल्याशिवाय साहेबसुद्धा आत येत नाहीत. हे सगळं मी दादाला उलटं लिहिणार आहे. तीच थंडी, तोच चटका, तीच सुई आणि समोर बाबा. चोराच्या मनात चांदणं असतं. चटका बसला की काय बाहेर पडतं ते पाहू. बाबा ऐंशीचे झाले, चिंगे. ते असेपर्यंत त्यांना कळायला हवं. नंतर मला त्याचा काय उपयोग?

एकच पथ्य. आईची तबकडी या खेळात येता कामा नये. तू पोटात असताना तिने हौसेने स्टुडिओत जाऊन ते एक गाणं तुझ्यासाठी भरलं, आणि शेवटी मशीनवाल्याला विचारलं ना, झालं का म्हणून, तेवढंच तिचं बोलणं आपल्याकडे उरलंय. तू दोन गल्ल्यांवर राहतेस, दर रविवारी जातेस. तबकडी हळूच काढून दुसऱ्या कुठल्यातरी पाकिटात लपव. वाढदिवस झाला की परत ठेव.

मी येणार नाही. गिरणीतली तपासणी हे कारण सांगेन. खरं कारण म्हणजे त्या स्टुलावर मी पुन्हा बसणार नाही.

तुझ्यावर लोभ आहेच, दादावरचा तूर्त तुझ्याकडे ठेव म्हणून देते.

तुझी,
ताई


९ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू मला काही विचारावंस यातच माझं वर्ष साजरं झालं.

तुझं निदान अगदी बरोबर आहे. आता उपाय सांगते. ऐकायला उलटे वाटतील. पण काट्याने काटा काढतात तसं हे घर्षणाने घर्षण काढायचं असतं. वरवर शिकलेल्यांना ते पटत नाही, तुझं तसं नाही.

ही वीज ओलीने साचते. तेव्हा खिडक्या बंद ठेव आणि ऐकायला बसण्याआधी तासभर हीटर लावून खोली खडखडीत कोरडी कर. तबकडी पाण्याने पुसत असशील तर आधी ते थांबव. मी रेशमी कापड पाठवते, त्याने कोरडीच, जोर लावून, चमक येईपर्यंत घास. मशीनच्या ताटावर रबरी चकती आहे ती काढून मी पाठवलेली लोकरीची चकती घाल. जमिनीतून गारवा येऊ नये म्हणून मशीनसमोर घालायला नायलॉनचा गालिचा पाठवते, चांगला जाड आहे. त्यावर चालताना पायात लोकरी सपाता असाव्यात. त्या मी स्वतः विणल्या आहेत, तुझ्या मापाच्या. चालताना पाय घासत चाललास तर उत्तम. मशीनची अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडलेली तार मात्र घट्ट आवळून घे, तेवढं नक्की कर.

आणि सुई दुसऱ्या कोणाला ठेवू देऊ नकोस. तुझ्याइतका स्थिर हात आपल्या घरात कोणाचा आहे?

वाढदिवसाला गिरणीत तपासणी असल्यामुळे येणं होत नाही, वाईट वाटतं. बाबांना माझा नमस्कार सांग. वहिनींना सांग की सपाता धुवायच्या नाहीत.

लोभ आहे तो त्या तारेसारखा घट्ट असू दे.

तुझी,
ताई


२ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या औषधाने रोगी चांगलाच सुधारलाय, म्हणजे तुला हवा तसा.

पार्सल आलं तेव्हा दादाने ते सगळ्यांसमोर उघडलं आणि वहिनींना म्हणाला की बघा, बहीण असावी तर अशी. मला एकदम खोकला आला. गालिचा तेव्हाच अंथरला. पहिल्याच रविवारी त्याने दातांच्या डॉक्टरांशी हात मिळवला आणि दोघेही एकदम मागे उडाले. डॉक्टर हसून म्हणाले की आजवर लोक माझ्या खुर्चीत ओरडायचे. त्यानंतर त्याला दिव्याच्या बटणाचा चटका बसला, दाराच्या मुठीचा बसला, आणि मांजराच्या नाकाला बोट लावलं तर मांजर जे पळालं ते अजून गालिच्यावर पाऊल ठेवत नाही. आमच्या घरात सगळ्यात आधी शहाणपण त्यालाच आलं.

गाण्याची तर दैना आहे. लोकरीची चकती तबकडीला चिकटून वर येते, तिचे तंतू सुईत अडकतात, आणि रेशमी कापडाने घासून घासून त्याने धुळीला जणू आवतणच दिलंय. तो मात्र म्हणतो की औषध लागू पडण्याआधी दुखणं थोडं वाढतंच. वहिनी एकदा हळूच म्हणाल्या की हे सगळं पार्सल आल्यापासून वाढलंय. त्यांना त्याने गप्प केलं. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती मला आवडत नाही.

एक अडचण आहे. सुईच्या दांडीचा चटका त्याला अजून एकदाही बसलेला नाही. मशीन ज्या लोखंडी मांडणीवर आहे तिला तो वाकताना डावा हात टेकतो, त्यामुळे वीज तिथेच उतरते. त्याला माहीत नाही, नुसती सवय आहे.

आईची तबकडी मी व्हायोलिनच्या रेकॉर्डच्या पाकिटात लपवली आणि व्हायोलिनची तबकडी पिशवीतून घरी आणली. व्हायोलिनने डोकं दुखतं असं दादा नेहमी म्हणतो, तेव्हा ते पाकीट सुरक्षित आहे. लपवताना एकदा तबकडी छातीशी धरली. ताई, मला आईचा चेहरा आठवत नाही, मांडी आठवत नाही. मला ती फक्त झालं का एवढं विचारणारी बाई म्हणून ठाऊक आहे. लहानपणी मला वाटायचं की ती मलाच विचारतेय, आणि मी मान हलवून नाही म्हणायची.

मला या सगळ्याची मजा येते आणि मजा येते याची लाजही वाटते. पण स्टुलाचं वाचल्यापासून लाज थोडी कमी आहे.

उत्तराची वाट बघते, पण हळू आवाजात लिही.

तुझी,
चिंगी


७ जानेवारी

चि. चिंगीस,

अ. उ. आ. घाईत लिहिते, गिरणीतली पाळी सुरू व्हायची आहे.

मांडणीसाठी एक कापडी आच्छादन शिव. जाड, दोन्ही बाजूंनी लोंबणारं, कडेला थोडं भरतकाम, म्हणजे वाढदिवसाची भेट वाटेल. हात कापडावर टेकला की वीज त्याच्या अंगातच राहील आणि उतरेल ती सुईच्या दांडीवर. बाकी दांडीतली वीज जमिनीत नेणारी तार त्याने माझ्या सांगण्यावरून आवळली आहेच.

लाज मलाही कधीतरी वाटेल, तेव्हा तुझी उसनी घेईन. तूर्त मला एवढंच दिसतंय की बाबा समोर बसलेत आणि दादाचं तोंड उघडं आहे.

माझ्या लोभाचं आणि शिवणाचं माप सारखंच धर, दोन्हीत कसूर नको.

ताई


२९ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मी दुकानातून लिहिते आहे. गिऱ्हाईक नाही. चष्म्यांच्या काचा पुसत होते, ते सोडून लिहायला बसले.

तुला हवं होतं ते झालं. सगळं नीट सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

वाढदिवसाच्या सकाळी दादाने आईची तबकडी शोधायला घेतली. आईचं पाकीट रिकामं निघालं, बाकीची उलटीपालटी केली, व्हायोलिनला तेवढा हात लावला नाही, तबकडी सापडेना. त्याची पाचावर धारण बसली. बाबांना सांगायची हिंमत नव्हती, तेव्हा पाहुण्यांना म्हणाला की आईचं गाणं शेवटी लावू. मला तीनदा विचारून गेला. मी माहीत नाही म्हटलं. त्याचा चष्मा नव्या काचांसाठी आमच्याच दुकानात पडलेला होता, त्यामुळे तो डोळे बारीक करून फिरत होता. पायात तुझ्या सपाता, हीटर सकाळपासून चालू, आणि मांडणीवर माझं आच्छादन. सगळ्यांनी भरतकामाचं कौतुक केलं.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या की त्यांना व्हायोलिन फार आवडतं, एखादी व्हायोलिनची रेकॉर्ड लावा ना.

मी उठले गं. खरंच उठले. पण वहिनींनी माझ्या हातात पेल्यांचं तबक दिलं, आणि ते खाली ठेवायला जागा शोधेपर्यंत दादाने ते पाकीट काढून, चष्म्यावाचून, नाव न वाचता तबकडी लावलीसुद्धा. आणि आई गायला लागली.

बाबांनी डोळे मिटले. दादाला आधी काही कळेना, मग एकदम त्याचा चेहरा उजळला. तबकडी सापडली म्हणून आनंद झाला असेल. दुसऱ्या कडव्यात टक टक आली तेव्हा त्याने विनोद केला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. मी तबक हातात घेऊन उभी होते. बंद करा म्हणून ओरडले असते तर का ते सांगावं लागलं असतं. मी ओरडले नाही.

शेवटाकडे सुईत तंतूंचा गोळा अडकला आणि आवाज घोगरा होत गेला. दादा लगबगीने उठला, गालिच्यावरून पाय घाशीत गेला, डावा हात माझ्या आच्छादनावर टेकला आणि उजव्या हाताने दांडी उचलायला गेला. ठिणगी मला लांबून दिसली, आवाजही आला. त्याचा हात उडाला आणि सुई तबकडीवरून सरकत पार मधल्या कागदापर्यंत गेली. तो आवाज मी तुला लिहून सांगू शकत नाही.

दादा हात झाडत ओरडला. ओरडला तो असा की मेल्या या मशीनने पुन्हा चावा घेतला, तेव्हाही असाच घेतला होता, तेव्हाही आपण नुसतं बोट लावलं होतं, दोन्ही वेळा दोष या मशीनचा आहे, आपला नाही. एवढं बोलून तो थांबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं.

बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं की तेव्हा म्हणजे कधी. दादा वाकून सुईतले तंतू काढायला लागला. बाबा म्हणाले की त्या दिवशी तर तू मैदानावर होतास. पाहुणे आपापल्या चपला शोधायला लागले. मग बाबा काठी टेकत उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, तुझं स्टूल एका हाताने उचललं आणि मला मदत करू न देता ते आत आणून मशीनशेजारी ठेवलं. त्यावर कोणालाच बसू दिलं नाही. दिवे लागेपर्यंत ते रिकामं स्टूल बघत बसले होते.

पाहुणे गेल्यावर मी तबकडी एकदा लावून पाहिली. गाणं बहुतेक शाबूत आहे. शेवटची ओळ येते, सुई खरकन घसरते आणि संपतं. आई आता झालं का म्हणून विचारत नाही.

वहिनींनी गालिचा गुंडाळून माडीवर टाकला. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. ताई, आच्छादन मी शिवलं, पाकीट मी निवडलं, म्हणून तुला एकटीला बोल लावत नाही. पण तुझं नाव धुऊन निघालं ते माझ्या आईच्या आवाजाने निघालं. काही दिवस मला पत्र लिहू नकोस.

लोभ आहे, तो जरा आत ठेवलाय. बाहेर काढेन तेव्हा कळवीन.

चिंगी


११ फेब्रुवारी

चि. ताईस,

दादाचे आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

बाबांच्या सांगण्यावरून रेकॉर्ड प्लेअर आणि सगळ्या तबकड्या ट्रान्सपोर्टने तुझ्याकडे रवाना केल्या आहेत. खोकी मी स्वतः भरली, प्रत्येक तबकडीमध्ये पुठ्ठा घातला. स्टूलही बाबांनी बरोबर द्यायला लावलं. यंत्र पोचलं की मागोमाग बाबाही तुझ्याकडे राहायला येणार म्हणतात. किती दिवस ते सांगत नाहीत. वाढदिवसापासून ते माझ्याशी औषधापुरतं बोलतात.

मी चौदा वर्षांचा होतो. आई नुकती गेली होती, आणि तिच्या आवाजावर ओरखडा पाडला हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगणार? मागच्या दाराने पळालो. परत आलो तर ती तबकडी तुझ्या हातात होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे रोज वाटायचं की उद्या सांगू. मग तू मोठी झालीस, हसायला लागलीस, मला वाटलं विसरलीस. विनोद करायला लागलो तो बहुधा त्यामुळेच, की विनोद झाला म्हणजे ते खरं उरत नाही. चुकलो. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

घर फार शांत झालंय. रविवारी दुपारी काय करावं कळत नाही. तुझी हरकत नसेल तर अधूनमधून तुझ्याकडे येऊन ऐकत जाईन.

एक विचारायचं राहिलं. तुझे सगळे उपाय मी अक्षरशः पाळले. मग असं का झालं?

तुझा,
दादा


५ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. झालं ते तू उपाय अक्षरशः पाळल्यामुळे झालं. गालिचा, सपाता, चकती, रेशमी कापड, हीटर, सगळं मी ठरवून पाठवलं. गिरणीत नव्या मुलीलाही कळेल की ते आगीत तेल होतं. तुला बाबांसमोर चटका बसावा आणि तुझ्या तोंडातून खरं बाहेर पडावं म्हणून मी ते केलं, आणि तू मला निराश केलं नाहीस. आता तुला राग येऊ दे. मला इतकी वर्षं येत होता, सवय होते.

खोकी सुखरूप पोचली. पुठ्ठे छान घातले आहेस. मशीन मी पुढच्या खोलीत ठेवलंय, रबरी चकती परत घातली आहे, आणि गिरणीतून तांब्याच्या बारीक तारांची झालर आणून ती तबकडीच्या वर, तिला न टेकेल अशी, टांगली आहे. धाग्यावरची वीज आम्ही अशीच उतरवतो. आता तडतड नाही, धूळ नाही. इलाज एवढाच होता, दादा. तू त्या डिसेंबरात विनोद केला नसतास तर मी तो तुला परतीच्या टपालाने कळवला असता.

बाबा येऊन आठवडा झाला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईची तबकडी पाकिटातून काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले की लाव. माझे हात मांडीवरच होते. ते तिथून उचलायला मला किती वेळ लागला ते तुला कळणार नाही. सुई ठेवली. दुसऱ्या कडव्यात टक टक आली, ती तुझी. शेवटी सुई घसरली, तो आवाज माझा. तबकडीवर आता दोन ओरखडे आहेत, एक तुझा आणि एक माझा. ज्या गुन्ह्याची शिक्षा मी भोगली तो माझ्या हातून व्हायचा राहिला होता, तोही आता झाला. बाबांना मी गालिच्याचं सगळं सांगितलं. त्यांनी तबकडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले की पुन्हा लाव.

चिंगी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिचं बरोबर आहे. तिच्यापुढे मला तोंड नाही आणि ती म्हणेल तेव्हा तिच्या पाया पडायला मी जाणार आहे. तुझ्यापुढे मात्र मला तोंड आहे. तू माफी मागितलीस ती मी वाचली, नीट घडी करून ठेवली. एवढ्यात उपयोगात आणणार नाही.

ऐकायला ये म्हणतोस, तर जरूर ये. दर रविवारी ये. दाराशी मी एक पितळी दांडी लावून घेतली आहे, तिला हात लावून मगच आत यायचं. सपाता बाहेर काढायच्या. तुझ्यासाठी स्टूल उंबऱ्याशी ठेवलेलंच आहे. गाणं लागलं की तिथे बसायचं, दोन्ही हात मांडीवर. बाबा मध्ये खाकरणार नाहीत, मी खाकरेन.

किती रविवार, असं तू विचारशील. पूर्वी गाणं संपलं की आई विचारायची, झालं का म्हणून. आता ते विचारायला तिथे कोणी नाही. तेव्हा येत राहा.

लोभ आहे. तो उंबऱ्याच्या आत आहे, तू बाहेरून बघ.

तुझी,
ताई